बाजारपेठेचा रस्ता आणि त्यावरील माणसे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील धर्मगुरूंचे भाषण)



महोत्सव समितीने मला जेव्हा भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी धर्मग्रामाचा इतिहास सांगेन अशी सर्वांची अपेक्षा होती. तो इतिहास मजपेक्षा अधिक जाणणारी वृद्ध मंडळी येथे पहिल्याच रांगेत बसली आहेत, आणि त्यांच्यासमोर चुका करण्याचे धाडस मला झाले नाही. म्हणून मी असा विषय घेतला आहे की, ज्याविषयी रविवारी मिस्सा संपल्यावर फाटकाजवळ आपण सर्वजण बोलत असता. केवळ मी जवळ आलो म्हणजे थांबता. तो विषय म्हणजे आपल्या शहरातील बाजारपेठेचा रस्ता, त्यावर उभी राहणारी नवी दुकाने, पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारती आणि ह्या घडामोडीत कोणाचे काय होते, हा होय.

धर्मगुरूने बाजाराविषयी बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या प्रभूची आपण सेवा करतो त्याच्या दाखल्यांत बाजार पुष्कळ वेळा येतो. द्राक्षमळ्याचा धनी मजूर शोधावयास निघाला तो बाजारातच गेला, आणि तेथे ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही’ असे म्हणणारी माणसे त्याला दिवस कलेपर्यंत उभी दिसली. आपल्या चौकातही सकाळी डबा घेतलेले मजूर तसेच उभे असतात. तेव्हा विषय परका नाही. मी व्यापारी नाही, वकील नाही, अभियंताही नाही. जे सांगणार आहे ते वाचून, विचारून आणि एका बाबतीत स्वतः चूक करून शिकलेले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. आपले वर्धा शहर हेच मुळी जुने मोडून नवे उभारण्यातून जन्मास आले आहे. 1862 साली नागपूरपासून वेगळा जिल्हा काढण्यात आला तेव्हा त्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते. 1866 साली ते पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आणले गेले आणि तेथे सरळ रस्ते आखून नवे शहर वसविले. पुढल्याच वर्षी, 1867 मध्ये, मुंबईकडून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. पालकवाडीत त्यापूर्वी जी घरे होती, जी माणसे तेथे नांदत होती, त्यांचे पुढे काय झाले? शहराच्या स्थापनेची हकीकत सांगताना आपण नव्या रस्त्यांच्या सरळपणाचे कौतुक करतो. त्या माणसांचे नावही घेत नाही. त्यांच्यावर कोणी हेतुपुरस्सर जुलूम केला असे मी म्हणत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे की, ज्याचे नाव नकाशा काढताना कागदावर नसते, तो नकाशा पुरा झाल्यावर रस्त्यावरही राहत नाही. आजच्या माझ्या भाषणाचा सारा रोख ह्या एका गोष्टीवर आहे.

नवे शहर कापसावर वाढले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 ह्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या व्यापाऱ्यांचे डोळे लागले. आपल्या हिंगणघाटचा कापूस तर त्याच गावाच्या नावाने परदेशी बाजारात ओळखला जाई. कापसाच्या मागोमाग अडत्ये आले, सावकार आले, मारवाडी व गुजराती पेढ्या आल्या. कापड, भांडी, सोनेचांदी ह्यांच्या ओळी लागल्या. आजही आपण ‘कपडा लाईन’, ‘सराफा लाईन’ असेच म्हणतो. दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या येत, शेतकऱ्याच्या हाती पैसा पडे, आणि तो परत जाताना लुगडे, गूळ, एखादा दागिना घेऊन जाई. त्या एका हंगामावर दुकानदाराचे वर्ष निघे. पुढे कापसाचा सौदा बाजार समितीच्या आवारात गेला. बंड्यांची जागा मोटारींनी घेतली, आणि शेतकरी व पेठ ह्यांची ती समोरासमोरची गाठ सुटली. ज्या कारणास्तव रस्ता निर्माण झाला ते कारण तेथून उठून गेले. रस्ता मात्र राहिला. अशा रस्त्याने बदलावयाचे नाही तर काय करावयाचे? म्हणून ‘जुने ते सोने’ असे डोळे मिटून म्हणणाऱ्यांत मी नाही.

शिवाय ते जुने सगळेच सोने नव्हते. ह्याच शहरात लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळे व्हावयास 1928 साल उजाडावे लागले. जमनालाल बजाज ह्यांनी ते केले तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. देवळाच्या पायरीवर जी गोष्ट होती, ती दुकानाच्या पायरीवर नव्हती असे समजणे भाबडेपणाचे होईल. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांना माल लांबून दाखविला जाई आणि पैसे खाली ठेवावे लागत. जुन्या दुकानदाराची ओळख, आपुलकी, उधारी ह्यांचे गोडवे गाताना त्या उधारीचे व्याज आणि ती ओळख कोणाला मिळे व कोणाला मिळत नसे, हेही आठवावे. आज काचेच्या दुकानात कोणीही शिरतो, किंमत छापलेली असते, हाती छापील पावती पडते आणि आडनाव कोणी विचारीत नाही. हा लाभ लहान नव्हे.

नव्याच्या बाजूने आणखीही बोलता येईल. आपल्या धर्मग्रामातील बारा-पंधरा मुली आज ह्या नव्या दुकानांत कामास आहेत. ज्या रस्त्यावर पूर्वी गल्ल्यावर पुरुष, काट्यावर पुरुष आणि हमालही पुरुष, तेथे आता मुली हिशेब करतात. पगार बेताचा आहे आणि दिवसभर उभे राहावे लागते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. परंतु पहिल्या पगारातून आईला पैठणीच्या पद्धतीची साडी आणणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंदही मी पाहिला आहे. (ह्या साऱ्या रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह मात्र जुन्या काळी नव्हते आणि नव्या काळीही नाही म्हणण्याइतकेच आहे. ज्यांच्या हाती नकाशे आहेत त्यांनी हे वाक्य कृपा करून टिपून ठेवावे.) आणखी एक विशेष. आपल्या जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. इतर शहरांत नवी इमारत झाली की तळमजल्यावर जे दुकान सर्वांआधी उघडते, ते येथे उघडत नाही. निदान पाटी लावून उघडत नाही.

मात्र गेल्या काही वर्षांत पेठेवर एकामागून एक जे तडाखे बसले, ते लहान दुकानदाराला अधिक लागले. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या. 2017 च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. ज्याच्यापाशी भांडवल होते, हिशेबनीस होता, तो तरला. ज्याचा सारा हिशेब एका लाल वहीत आणि अर्धा डोक्यात होता, तो खचला. तेवढ्यात घरबसल्या मागविलेला माल दारात येऊ लागला. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. नागपूर तासाभरावर आले, आणि लग्नाचा बस्ता बांधावयास मंडळी तिकडे जाऊ लागली. अशा वेळी रस्त्यावरील जुन्या इमारतीच्या मालकाला कोणी बांधकाम व्यावसायिक येऊन म्हणतो, ‘एवढ्या मोक्याच्या जागेवर तुम्ही महिना चाळीस-पन्नास रुपये भाडे खाता, मला द्या, मी पाच मजले चढवितो.’ मालकाने काय करावे? आपल्यात घरमालकही बसलेले आहेत. त्यांची अडचण खोटी नाही. छप्पर गळते, पालिकेचा कर वाढतो आणि भाडे वडिलांच्या वेळचेच राहते. त्यांच्या मनात लोभच आहे असे धर्मपीठावरून सांगणे सोपे असते, परंतु न्याय्य नसते.

येथे मला एका ख्रिस्ती माणसाची आठवण करावयाची आहे. तो आपल्या पंथाचा नव्हता. परंतु आपल्या गावचा मात्र झाला. डॉ. जे. सी. कुमारप्पा हे 1892 साली तंजावर येथे जन्मले, लंडनमध्ये हिशेब तपासनिसाची परीक्षा उत्तीर्ण झाले, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, आणि 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापिला तेव्हा त्याचे चिटणीस होऊन वर्ध्यास आले. जमनालालजींनी संघासाठी जी बाग दिली ती मगनवाडी. तेथेच 1938 साली मगन संग्रहालय उघडले; ते आजही आहे आणि ज्या रस्त्यावर ते आहे त्याला कुमारप्पांचे नाव आहे. आपल्यातील किती तरुणांना त्या नावाचा माणूस ख्रिस्ती होता हे ठाऊक आहे, हे मी हात वर करावयास लावून पाहत नाही. तुरुंगात असताना त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर व आचारावर, आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. ती दोन्ही 1945 साली बाहेर आली. एकाच माणसाने एकाच कोठडीत हे दोन विषय हाताळावेत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

कुमारप्पांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, विकत घेणारा मनुष्य निर्दोष नसतो. जी वस्तू आपण घेतो ती करताना जर कोणाला लुबाडले असेल, कोणावर जुलूम झाला असेल, तर पैसे मोजून आपण त्या पापात वाटेकरी होतो. म्हणून वस्तू कोठून आली, कोणी केली, हे घेणाऱ्याला कळावे. आणि ते जवळच्या बाजारात जितके कळते तितके दूरच्या बाजारात कळत नाही. त्यांची सगळी मते आज कोणी जशीच्या तशी स्वीकारील असे नाही. यंत्रांविषयी ते जे म्हणत त्यातील काही मला स्वतःला पटत नाही, आणि माझ्या खिशात तुमच्याइतकाच भ्रमणध्वनी आहे. परंतु हाच विचार वस्तूवरून जागेकडे वळवून पाहा. आपण ज्या नव्या दुकानात थंड हवेत उभे राहतो, त्या जागेवर आधी कोण बसत होते, तो उठून कोठे गेला आणि जाताना त्याच्या हाती काय पडले, हे गिऱ्हाइकाने, मालकाने, शेजाऱ्याने विचारू नये काय?

सेमिनरीत असताना आम्हांला 1891 सालचे लिओ तेरावे ह्यांचे कामगारांविषयीचे परिपत्र शिकविले गेले. त्यात मालमत्तेचा हक्क ठामपणे मान्य केलेला आहे. पण त्याचबरोबर संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या आधाराने असाही भेद केला आहे की, वस्तूची मालकी ही एक गोष्ट आणि त्या मालकीचा उपयोग कसा करावयाचा ही दुसरी. परीक्षेत ह्या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. पुढे प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा मी नापास झालो. ती हकीकत आता सांगतो.

मी ह्याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून होतो तेव्हाची गोष्ट. आपल्यातील एक शिंपी पेठेतील एका जुन्या इमारतीत आठ बाय दहाच्या खोलीत बसत असत. वडिलांपासूनची जागा. दोन यंत्रे, एक कात्रीचे टेबल, भिंतीवर पवित्र हृदयाचे चित्र. कित्येकांच्या पहिल्या प्रभुभोजनाचे पांढरे कपडे त्या खोलीत शिवले गेले. भाडे दरमहा हाती दिले जाई. पावतीची पद्धत नव्हती, कारण मालक आणि त्यांचे वडील एकत्र खेळलेले. इमारत जीर्ण झाली होती. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बालदी ठेवावी लागे. मालकांनी सर्व भाडेकरूंना बोलावून सांगितले की, नवी इमारत बांधतो, तोवर जागा सोडा, आणि नव्या इमारतीत तळमजल्यावर तुमचा गाळा पहिला.

शिंपीदादा मजकडे आले आणि म्हणाले, “फादर, किल्ली देऊ का? बायको म्हणते, आधी लिहून घ्या.” मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते, कारण मी ते पुढे अनेक रात्री मनाशी घोळविले आहे. मी म्हणालो, “इतक्या वर्षांचा संबंध आहे. कागद मागितलात तर त्यांचा अपमान होईल. शब्द दिला आहे ना?” त्यांनी किल्ली दिली.

इमारत उभी राहावयास पाच वर्षे गेली. त्या अवधीत शब्द देणारे वृद्ध मालक वारले. मुलांनी कर्ज काढले होते. तळमजल्याचे गाळे बांधकाम चालू असतानाच विकून टाकावे लागले. शिंपीदादा गेले तेव्हा मुलगा अदबीने उभा राहिला, चहा मागविला आणि म्हणाला की, बाबा काय बोलले ते आम्हांला ठाऊक नाही, काही कागद असेल तर दाखवा. कागद नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचा गाळा आजच्या भावाने देऊ केला. पँटची लांबी कमी करावयास दुसरा मजला कोण चढेल? आणि तो भाव तरी कोठून आणावयाचा? ते आता एका तयार कपड्यांच्या दुकानात मागील बाजूस बसून गिऱ्हाइकांच्या मापाप्रमाणे कपडे आखूड करून देतात. एक यंत्र घरी आहे, दुसरे विकले.

मी त्यांची क्षमा मागावयास गेलो. ते म्हणाले, “फादर, तुम्ही तरी काय करणार होते!” त्यांनी ते मला दिलासा द्यावा म्हणून म्हटले, मला मात्र ते फार लागले. कारण मी करू शकलो असतो. मला केवळ एवढेच म्हणावयाचे होते की, ‘वहिनी म्हणतात ते बरोबर आहे.’ त्यांच्या पत्नी आज मागे बसल्या आहेत. हे सर्व सांगण्यास दोघांनीही मला अनुज्ञा दिली आहे.

त्यानंतर मी जे वाचले व वकिलांना विचारले ते सांगतो. आपल्या भागात पूर्वी 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. 31 मार्च 2000 पासून सर्व राज्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्यात असे आहे की, भाडे नियमित देणाऱ्या भाडेकरूला मालकाने मनास येईल तेव्हा काढता येत नाही. इमारत पाडून नवी बांधावयाची असेल तर ते कारण कायद्याला मान्य आहे. परंतु त्यासाठी न्यायालयापुढे जावे लागते, नकाशे व पैशाची तजवीज दाखवावी लागते, आणि नव्या इमारतीत जागा घेण्याचा आपला इरादा भाडेकरूने ठराविक मुदतीत लेखी कळविला तर त्याच्या हक्काला आधार मिळतो. आपण होऊन किल्ली देणारा मनुष्य ह्या सर्व संरक्षणातून स्वतःच बाहेर पडतो. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे ‘कागद दाखवा’ हे वाक्य ऐकून आमच्या शिंपीदादांनी मान खाली घालावयाचे कारण नव्हते. आम्हांला ते ठाऊक नव्हते, इतकेच.

मालकांसाठीही त्यात काही आहे. दरवर्षी शेकडा 4 प्रमाणे भाडे वाढविता येते. संकोचाने किंवा आळसाने वीस वर्षे कोणी वाढविले नाही, तर एके दिवशी भाडेकरूच शत्रू वाटू लागतो. बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या ह्यांना ह्या कायद्याचे संरक्षण नाही. ते संरक्षण लहानासाठी राखलेले आहे. आणि लहानालाच त्याची वार्ता नसते.

रस्त्यावर बसणाऱ्यांची कथा ह्याहून निराळी. त्यांच्याकडे किल्लीच नसते. रस्ता रुंद करावयाचा ठरला की पहिल्याने त्यांच्या टोपल्या उचलल्या जातात आणि आपण म्हणतो, ‘बरे झाले, वाट मोकळी झाली.’ वाट मोकळी हवी हे मलाही मान्य आहे. बाजारच्या दिवशी रुग्णवाहिका अडलेली मी पाहिली आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगितले आहे की, रस्त्यावर बसून धंदा करणे हाही, योग्य नियमांच्या अधीन राहून, नागरिकाचा हक्क आहे. आणि 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे पालिकेने निदान दर पाच वर्षांनी त्यांची मोजणी करावयाची, प्रमाणपत्रे द्यावयाची, आणि ते होईपर्यंत कोणास उठवावयाचे नाही. प्रमाणपत्र असलेल्याला हलवावयाचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावयाची. ज्या समितीने हे सर्व पाहावयाचे तिच्यात निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. 2020 च्या जूनमध्ये ह्या लोकांसाठी केंद्र सरकारची कर्जयोजना निघाली. पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते. ज्यांची नावे नोंदलेली होती त्यांना ते मिळणे सोपे गेले. ज्यांची नव्हती त्यांना आधी आपण विक्रेते आहोत हेच सिद्ध करावे लागले. आणि तीस वर्षे एकाच वळणावर संत्री विकणाऱ्या बाईने ते कसे सिद्ध करावयाचे?

दूरचे एक उदाहरण देतो, कारण त्यात एका धर्मसंस्थेचा संबंध आहे. मुंबईच्या भेंडी बाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या विश्वस्त संस्थेने 2009 पासून सुमारे साडेसोळा एकरांवरील जवळजवळ 250 जीर्ण इमारती पाडून नवी वस्ती बांधण्याचे काम हाती घेतले. तेथे सुमारे 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने होती. आपल्या रस्त्याची आणि त्याची तुलना होऊ शकत नाही. तेथे पैसा वेगळा, जमिनीचा भाव वेगळा. पण हे आकडे आपल्याला सांगता येतात, ह्यातच सर्व आले. म्हणजे कोणीतरी दारोदार जाऊन मोजले होते. त्याच परिसरातील एक इमारत रिकामी होण्यापूर्वीच, 31 ऑगस्ट 2017 रोजी, कोसळली आणि 33 माणसे दगावली. तेव्हा जुन्या इमारतीला हात लावू नका असे म्हणणाराही माणसांच्या जिवाशी खेळतो. आमच्या शिंपीदादांच्या खोलीचे छप्पर आज ना उद्या खाली आलेच असते.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. त्याकरिता मी हा विषय घेतला, हे आपल्यातील चाणाक्षांनी ओळखले असेल. आपल्यापैकी काहींनी सुचविले आहे की, महोत्सवाचे स्मारक म्हणून आपल्या आवाराची रस्त्याकडील भिंत पाडून तेथे दुकानांचे गाळे काढावेत. त्यांच्या भाड्यातून मंदिराच्या छपराचा खर्च निघेल आणि गरीब मुलांची फी भरता येईल. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. छपराचा खर्च मलाही ठाऊक आहे. त्याविषयीचा निर्णय महागुरुस्वामींच्या संमतीने व्हावयाचा आहे, तो मी येथे करीत नाही.

परंतु त्या भिंतीला पाठ लावून सहा माणसे बसतात. एक चांभार, एक किल्ल्या करून देणारा, केळी विकणाऱ्या दोघी बहिणी, एक चहाची टपरी आणि पावसाळ्यात छत्र्या व एरवी कुलुपे दुरुस्त करणारा एक वृद्ध मुसलमान गृहस्थ. ह्यांपैकी एकच कुटुंब आपल्या धर्मग्रामाचे आहे. परवा मी त्यांच्यापाशी जाऊन नावे विचारली, तेव्हा मला लाज वाटली. कारण चार वर्षे मी रोज त्यांच्यासमोरून जातो आणि एका चहावालीखेरीज कोणाचेही पूर्ण नाव मला ठाऊक नव्हते. चांभार म्हणाला, “कशाले पायजे नाव, फादर? उठवाचं असंन त सांगून द्या.” नाव विचारणारा मनुष्य उठवावयासच येतो, असा त्याचा आजवरचा अनुभव.

मी त्याला सांगितले की, ह्या वेळी उलट आहे. ते खरे करावयाचे असेल तर नकाशा काढणाऱ्याला बोलाविण्यापूर्वी आपल्याला ही सहा नावे धर्मग्रामाच्या वहीत लिहावी लागतील. कोण किती वर्षे बसतो, किती फूट जागा घेतो, हे लिहावे लागेल. आणि गाळे झालेच तर ह्यांची सोय तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूस, त्यांना परवडेल अशा दराने होईल, हे सही-शिक्क्यानिशी द्यावे लागेल. त्याने उत्पन्न थोडे कमी होईल. किती कमी, हे मी आपल्या कोषाध्यक्षांना काढावयास सांगितले आहे, आणि तो आकडा आपणापुढे ठेवूनच पुढचे बोलणे होईल. पेठेत ज्यांच्या स्वतःच्या इमारती आहेत त्यांना मी उपदेश करणार होतो. पण आधी आपल्या भिंतीचे पाहावे आणि मग बोलावे, असे ठरविले आहे.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ह्याच सभागृहात दोन टेबले मांडलेली असतील. एका टेबलाशी आपल्यातील एक वकीलबाई बसतील. ज्यांची पेठेत भाड्याची जागा आहे त्यांनी असतील त्या पावत्या, वीजबिले, दुकान-नोंदणीचे कागद, जुनी पत्रे, जे काही असेल ते आणावे. काहीच नसेल तरीही यावे. घरमालकांनीही यावे. दुसऱ्या टेबलाशी रस्त्यावर बसणाऱ्यांची नावे लिहिली जातील, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि ती यादी पालिकेत नेऊन दिली जाईल. तरुण संघातील चौघांनी ह्या आठवड्यात गोल बाजारापर्यंत फिरून सर्वांना सांगण्याचे पत्करले आहे. त्यांनी सांगताना ‘फादरांनी बोलाविले आहे’ एवढेच न सांगता कशासाठी ते नीट सांगावे; नाहीतर लोक चांभारासारखेच घाबरतील.

पहिल्या टेबलाशी वकीलबाईंच्या शेजारी आमचे शिंपीदादा व वहिनी बसतील. मी विनंती केली तेव्हा ते म्हणाले की, मला कायदा येत नाही. मी म्हटले, कायदा बाई पाहतील. किल्ली देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावयास हवे होते, ते तुमच्याइतके कोणास ठाऊक नाही. वहिनींनी तर ते प्रश्न एका वहीत लिहूनही काढले आहेत.

बाहेर चहा ठेवला आहे. तो भिंतीजवळच्या टपरीवरूनच आला आहे; पेले परत करावयाचे आहेत.